झिजलेला ब्लॉक



या व्यासपीठावर थोरामोठ्यांची गंभीर व्याख्याने होतात. मी मात्र हाताला काळे तेल लागलेला विषय घेऊन उभा राहिलो आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने आपली फजिती सांगावी, एवढाच माझा अधिकार समजा.

बुलेट ही मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, परंतु इकडे ती चालूच राहिली. साडेतीनशेच्या जुन्या बुलेटमध्ये पिस्टन एकच असतो. त्याच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. हे नळकांडे ओतीव लोखंडाचे असते व आपले मिस्त्री त्याला ब्लॉक म्हणतात. इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतल्या, तर पिस्टन तितक्या वेळा वर जातो आणि तितक्याच वेळा खाली येतो. मग तो ब्लॉक झिजेल नाही तर काय होईल?

पण तो सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन अगदी वर पोचतो तेव्हा क्षणभर थांबतो. तिथेच उष्णता अधिक, तिथेच स्फोटाचा दाब अधिक, आणि तेलाचा थर नेमका तिथेच तुटतो. म्हणून वरच्या रिंगेच्या जागी झीज सर्वांत जास्त होते. रिंग जिथवर पोचत नाही, तो काठ मात्र जसाच्या तसा राहतो व तिथे एक बारीक पायरी तयार होते. त्यात आपल्याकडची मुरमाची धूळ! हवेची जाळी फाटकी असली की ती धूळ तेलात मिसळून कानशीसारखे काम करते.

आमच्या अण्णांची बुलेट १९७४ सालची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा पुढचे कित्येक दिवस ते याच गाडीवर लातूरहून औषधे पोचवीत होते. त्यामुळे घरात गाडीला गाडी म्हणण्याची सोय नाही. अलीकडे ती निळसर धूर सोडू लागली आणि किक हाताने दाबावी इतकी हलकी झाली. मी तिला नांदेडला, अण्णांच्या जुन्या उस्तादांकडे नेले.

उस्तादांनी ब्लॉक उतरवला. एक रिंग ब्लॉकच्या तळाशी, न झिजलेल्या भागात, सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. ती १२ थाऊ, म्हणजे इंचाचे १२ हजारांश भरली. तीच रिंग वर आणून मोजली, तर ३७. "गुरुजी, आता हिशेब तुम्हीच करा," ते म्हणाले. परीघ २५ ने वाढला, त्याला ३.१४ ने भागले की व्यास सुमारे ८ थाऊंनी वाढला. भागाकार मीच केला, आणि तरीही म्हणालो, "उस्ताद, नुसत्या रिंगा टाका. बोअर नको."

"वरच्या काठाला नख लावून पाहा. नवी रिंग तिथे आपटेल आणि तुटेल. मी टाकणार नाही."

मी ब्लॉक परत बसवून घेतला, लातूरला येऊन स्वतः रिंगा घातल्या. धूर कमी झाला. उस्तादांना दाखवावे म्हणून अण्णांना मागे बसवून चाकूर, अहमदपूर करीत नांदेडला निघालो. माळेगावच्या माळावर खडखडाट झाला आणि गाडी थांबली. जिथे यात्रेत घोड्याचे दात पाहून सौदे होतात, तिथेच माझे दात माझ्या घशात गेले.

टेम्पोतून उस्तादांच्या दारी पोचलो. तुटलेल्या रिंगेने ब्लॉकमध्ये खोल ओरखडे काढले होते. ब्लॉक पूर्वीच तीनदा बोअर झालेला. ओरखडे जाईपर्यंत आणखी धातू काढण्याची सोय उरली नव्हती. मी नवीन ब्लॉकची किंमत विचारली. अण्णांनी ब्लॉकमध्ये बोट फिरवले आणि एवढेच विचारले, "उस्ताद, हाच राहील का?"

"राहील साहेब. स्लीव्ह घालू."

लेथवर ब्लॉक आतून मोठा केला. ओतीव लोखंडाची स्लीव्ह छिद्राहून किंचित जाड ठेवली. ब्लॉक चहूकडून सारखा तापवून तो फुगल्यावर थंड स्लीव्ह आत ढकलली. ब्लॉक निवताच ती घट्ट आवळली गेली. त्यानंतर ती नव्या पिस्टनच्या मापाला बोअर केली. इथेही फट सोडावी लागते, कारण पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. फट कमी ठेवली तर तापल्यावर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर खडखडतो. शेवटी होनिंगचे दगड फिरवून भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा पाडल्या. मला वाटे, आरशासारखा गुळगुळीत ब्लॉक उत्तम. पण त्या रेघांतच तेल टिकते आणि रिंगा बसतात.

उस्तादांनी रिंगेचे तुकडे कागदात बांधून मला दिले. ते मी वर्गात दाखवतो. पहिले पाचशे किलोमीटर गाडी पन्नासच्या वर न्यायची नाही, मग तेल बदलायचे, अशी ताकीद मिळाली. परतताना माळेगावजवळ माझा हात जरा सैल सुटला, तर मागून अण्णांनी खांद्यावर दोन बोटे ठेवली. लातूरपर्यंत ती तिथेच होती.