मैत्रिणींबरोबर श्रीलंकेची सफर

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतच. पण जानेवारी 2024 मध्ये आपल्या मंडळातल्या आम्ही सहा जणी श्रीलंकेला जाऊन आलो. तिथे काय खाल्ले, काय प्यायलो, काय पाहिले ते सांगा, असा सर्वांचा आग्रह पडला म्हणून उभी राहिले आहे.

तीन वर्षे भिशी लावून आम्ही पैसे जमवले. ‘बरोबर पुरुषमाणूस नाही, परक्या देशात कसे होणार?’ असे पुष्कळांनी विचारले. सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘आम्ही रेडिओ सिलोन ऐकत संसार केला, तू ते सिलोन डोळ्यांनी बघून ये.’ मुंबईहून विमानाने अडीच-पावणेतीन तासांत कोलंबो. आपला एक रुपया तेव्हा तिकडे जवळजवळ चार रुपये होत होता.

आधी खाण्याचे सांगते. तिकडचे ‘इंदिआप्प’ म्हणजे आपल्या कोकणातले शिरवाळेच. आपण ते नारळाच्या गोड रसाबरोबर खातो, ते लोक तिखट आमटीबरोबर. ‘किरिबत’ म्हणजे नारळाच्या दुधात मऊ शिजवून थापलेला भात. त्याच्या वड्या कापतात. नव्या वर्षाला, शुभकार्याला तो हवाच. ‘पोल सांबोल’ ही ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. शाकाहारी भगिनींनी मात्र विचारून घ्यावी, कारण तीत पुष्कळदा सुक्या माशाचा चुरा असतो. म्हशीचे घट्ट दही मातीच्या गाडग्यात मिळते, त्यावर कितुलचा काकवीसारखा पाक घालतात. कितुल म्हणजे आपला भेरली माड.

पेयांत पहिला मान ‘तंबिली’चा, म्हणजे केशरी रंगाच्या शहाळ्याचा. नंतर ‘रणवरा’ आणि ‘बेलीमल’. पहिला तरवडाच्या फुलांचा काढा, दुसरा बेलाच्या. आपल्या माळावर तरवड फुलतो आणि गळून जातो, कोणी बघत नाही. तिथे पाहुण्याला तो कपातून देतात. समुद्रकाठी माडी काढणारे एका माडावरून दुसऱ्या माडावर बांधलेल्या दोरांवरून चालत जातात. बघताना आपल्याच पोटात गोळा येतो. ताजी माडी गोड असते, दिवस चढेल तशी तीही चढते. आमच्यातल्या दोघींनी चव घेतली. कोणी, ते विचारू नका!

कँडीला भगवान बुद्धांच्या दाताचे मंदिर आहे. पूजेच्या वेळी ढोल वाजतात आणि पांढऱ्या वस्त्रांतल्या बायका कमळे घेऊन उभ्या असतात. तेथे आम्ही एका घरीच मुक्काम केला. घरच्या बाईने कोरा चहा दिला आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. खडा चावायचा आणि घोट घ्यायचा. ती म्हणाली, 2022 साली देशावर संकट आले तेव्हा गॅस नव्हता, दुधाची पावडर नव्हती. रांगेत उभे राहून दिवस जाई, मग चूल पेटवावी लागे. कप विसळायला मी उठले, तर तिने हात धरून खाली बसवले. लग्नाला चोवीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत दुसऱ्याने करून हातात दिलेला चहा मी किती वेळा घेतला, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

पुढे आगगाडीने नुवारा एलियाकडे गेलो. सहा हजार फुटांवर थंडी आणि जिकडेतिकडे चहाचे मळे. पूर्वी तिथे कॉफी होती; ती रोगाने बसली. जेम्स टेलर नावाच्या साहेबाने 1867 मध्ये कँडीजवळ 19 एकरांत चहा लावला, तिथून हा व्याप वाढला. पाने खुडतात बहुतेक बायकाच. इंग्रजी अमलात तमिळ मुलखातून मजुरीला आणलेल्या लोकांची ही वंशावळ. 1948 च्या कायद्याने त्यांतले लाखो लोक कोणत्याच देशाचे नागरिक राहिले नाहीत. शेवटचा प्रश्न सुटायला 2003 साल उजाडले. एका बाईशी गाडीवाल्यामार्फत बोललो. ‘आमचा दिवस अठरा किलोचा. कमी भरले की पैसे कमी,’ ती म्हणाली. मग तिने विचारले, ‘तुम्हांला घरच्यांनी एकट्या कसे सोडले?’ समुद्र ओलांडून गेलो, तरी प्रश्न तोच! आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली. पण तिच्या बोटांना पडलेल्या काळ्या चिरा मला अजून दिसतात. आता चहा उरला तर मोरीत ओतायला हात धजत नाही.

भगिनींनो, आपण गेलो तर घर अडेल असे जिला वाटते, तिने एकदा जाऊन पाहावे. आठ दिवस आमची घरे चालली. आमटीत मीठ कमीजास्त झाले असेल, एवढेच. जाताना फराळाचे डबे कमी न्या, तिथले खा आणि एखाद्या घरच्या बाईजवळ दोन घटका बसा. मंडळाच्या नव्या प्रवास-भिशीत पहिले नाव, जिने अजून जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नाही तिचे घालावे, अशी माझी विनंती आहे.