दंड भरला, पण दारू सुटली का?

(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. त्याच्या नशेपायी दुसऱ्याचे लेकरू रस्त्यावर जाते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८५ सांगते: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू सापडली, की पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पण हा दंड भरतो कोण? बायको भरते! घरचा किराणा थांबतो, पोरांची फी थकते, आणि नवरा संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर.

असे का होते? त्या कलमात कैद आहे, दंड आहे, उपचार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शिक्षेबरोबर दारूविषयीचे शिक्षण आणि समुपदेशन सक्तीचे असते. दुसऱ्या गुन्ह्याला तर ते साधारण १८ महिने चालते. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून ते काम आपल्यावर येते.

व्यसन हा आजार आहे. पण रोज पिणाऱ्याला घरात कोंडून दारू एकदम तोडू नका. हातपाय कापतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण हेच काम करते. उपचारानंतरही पाठपुरावा लागतो.

पाचवे शील आपण विहारात रोज म्हणतो. मग कोर्टातून आलेल्या आपल्या भावाला टोमणे मारू नका. त्याचा हात धरून दवाखान्यापर्यंत चला. एवढे आपण केलेच पाहिजे.

जयभीम!