शिवरायांचा होन

'वंदे मातरम्'च्या दीडशे वर्षांनिमित्त ७ नोव्हेंबर २०२५ रोजी स्मारक नाणे निघाले. ते देवघरात जपावे असेच आहे. पण आपले कल्याण १६५७ मध्ये स्वराज्यात आले. येथे आणखी एका नाण्याचे स्मरण व्हायला हवे. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी महाराजांनी सोन्याचा होन पाडला. सुमारे पावणेतीन ग्रॅमचा! एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसरीस 'छत्रपति'. फारसी शिक्क्यांच्या त्या काळात ही अक्षरे देवनागरीत होती. हा होन मात्र जपण्यासाठी नव्हे, बाजारात चालण्यासाठी होता. त्याच वर्षी इंग्रजांनी आपली नाणी स्वराज्यात चालावीत, असे कलम तहात मागितले. महाराजांनी कळवले, नाणे कसाला आणि वजनाला उतरले तर मनाई नाही. परंतु तोटा सोसून ते घेण्याची सक्ती रयतेवर होणार नाही.