डनॉटरचा भग्न दुर्ग



स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्टोनहेवन गावाच्या दक्षिणेस सुमारे दोन मैलांवर, डनॉटरचा भग्न दुर्ग उभा आहे. खाली सुमारे 160 फुटांचे कडे, भोवती समुद्र, आणि जमिनीशी जोडणारी एक चिंचोळी वाट. हे स्थान किथ कुलाचे. राज्याचे ‘मार्शल’ हे पद त्यांच्याकडे वंशपरंपरेने होते व राजचिन्हांचे रक्षण हे त्या पदाचे कर्तव्य. सर विल्यम किथ यांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस येथे बांधकाम केले. जागा चर्चची असल्याने त्यांना धर्मबहिष्कार सोसावा लागला. 1395 साली पोपच्या आज्ञापत्राने तो उठला.

1651 च्या जानेवारीत दुसऱ्या चार्ल्सला राज्याभिषेक झाला. पुढे क्रॉमवेलच्या सैन्याने देश व्यापताच मुकुट, राजदंड व तलवार डनॉटरला सुरक्षित ठेवण्यात आली. किल्लेदार जॉर्ज ओगिल्व्ही याने मूठभर शिबंदीनिशी सुमारे आठ महिने वेढा सोसला. अखेर मोठ्या तोफांचा भडिमार झाला आणि 24 मे 1652 रोजी किल्ला शत्रूच्या हाती पडला. राजचिन्हे मात्र तेथे नव्हती!

ती आधीच किनेफ गावी पोहोचली होती. कोणी म्हणतात, धर्मोपदेशक जेम्स ग्रेंजर यांच्या पत्नी ख्रिश्चन फ्लेचर यांनी ती वेढ्यातून लपवून नेली. कोणी म्हणतात, समुद्रशेवाळ गोळा करणाऱ्या दासीकडे ती कड्यावरून सोडण्यात आली. चर्चच्या फरशीखाली ती पुरली गेली. ओगिल्व्ही पतिपत्नींनी बंदिवास भोगला, परंतु शब्द उच्चारला नाही. 1660 साली राजसत्ता परतली, तेव्हा राजचिन्हेही परतली. पुढे मानाचा मोठा वाटा मार्शलांचे धाकटे बंधू जॉन किथ यांना मिळाला. 1677 मध्ये ते किंटोरचे अर्ल झाले.

ज्या भिंतींनी आश्रय दिला त्यांनीच 1685 साली 167 धर्मबंदी स्त्रीपुरुषांना एका तळघरात कोंडले. 1715 च्या बंडात दहावे अर्ल जॉर्ज किथ सामील झाले. मालमत्ता जप्त झाली, आणि ती विकत घेणाऱ्या कंपनीने किल्ल्याचे उपयोगी सामान काढून नेले. तोफांनी जे साधले नाही ते व्यापाराने साधले. 1925 पासून लेडी काउड्रे यांनी डागडुजी केली.

राजचिन्हे आज एडिंबरोच्या किल्ल्यात आहेत. त्यांचे रक्षण प्रथम कड्याने केले, पण अखेरपर्यंत केले ते एका ग्रामीण चर्चमधील दांपत्याने आणि न बोलणाऱ्या कैद्यांनी. दुर्गाच्या इतिहासात त्यांचे नाव किथ कुलाच्या शेजारी असावयास हवे.