गोवराचें पुरळ आणि लसीचें पुरळ

लहान मुलाच्या अंगावर तांबूस पुरळ दिसूं लागलें, कीं घरांतील वडीलधारी मंडळी 'गोवर निघाला' असें म्हणून उशाशीं कडुनिंबाचा डहाळा ठेवतात, आणि गोवर सगळा बाहेर पडला म्हणजे मूल सुटलें असें समजतात. परंतु पुरळ हा रोग नव्हे. ती रोगाची केवळ खूण होय.

गोवराचा विषाणु श्वासावाटे शरीरांत शिरतो. १०-१२ दिवसांनीं ताप, खोकला व पडसें येऊन डोळे लाल होतात. पुढें ३-४ दिवसांनीं कानामागें व चेहऱ्यावर पुरळ उमटतें आणि पायांपर्यंत उतरतें. कांजिण्यांत पाण्यानें भरलेले फोड येतात. गोवरांत तसे येत नाहींत. पुरळ दिसण्याच्या ४ दिवस आधींपासूनच मूल इतरांस रोग देऊं शकतें. तेव्हां पुरळ पाहून मग भावंडांस दूर ठेवणें हें बहुधा वरातीमागून घोडेंच ठरतें.

पुरळ मावळलें तरी धोका संपत नाहीं. फुप्फुसाचा दाह, अतिसार व क्वचित् मेंदूचा दाह हे गोवराचे सोबती. शिवाय अन्य रोगांविरुद्ध शरीरानें मिळविलेली प्रतिकारशक्तिही तो क्षीण करून जातो.

यावर खात्रीचा उपाय लसीचा. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीस देवी टोचण्यांत आल्या. १९८० सालीं देवीचा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. गोवराची लस १९६३ सालीं अमेरिकेंत प्रचारांत आली व १९८५ पासून भारताच्या सार्वत्रिक लसीकरणांत आहे. आतां ती रुबेलाच्या लसीसह ९ ते १२ महिन्यांच्या वयांत व पुन्हां १६ ते २४ महिन्यांच्या वयांत देतात.

येथेंच एक घोटाळा होतो. लसींत दुर्बल केलेला जिवंत विषाणु असल्यामुळें, टोचल्यानंतर ७ ते १२ दिवसांनीं कांहीं मुलांस ताप येऊन विरळ पुरळ उठतें. तें २-३ दिवसांत मावळतें व त्यापासून दुसऱ्यास लागण होत नाहीं. कित्येक आईबाप मात्र 'लसीनेंच गोवर आणला' असें मानून दुसरी मात्रा टाळतात. नवव्या महिन्यांतील एका मात्रेनें शंभरांतील सुमारें ८५ मुलांस संरक्षण मिळतें. उरलेल्यांस दुसऱ्या मात्रेचाच आधार असतो, आणि तीं मुलें कोणतीं हें चेहरा पाहून कळत नाहीं. २०२२ सालीं मुंबईंत, विशेषतः गोवंडीच्या दाट वस्तींत, गोवराची सांथ पसरून मुलें दगावलीं; आजारी पडलेल्यांत लस न टोचलेल्यांचा भरणा मोठा होता.

म्हणून पुरळ दिसतांच टोचणीची तारीख पाहावी व मूल डॉक्टरांस दाखवावें. गोवर ठरल्यास अन्नपाणी तोडूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें 'अ' जीवनसत्त्व द्यावें. आणि पुरळ लसीचें ठरल्यास निर्धास्त राहावें, पण कार्डावरील दुसरी तारीख चुकवूं नये.