कीचकाचं नाव न घेता

भाजी निवडता निवडता ऐकत असाल, तर निवडत राहा. आज एका बंदी घातलेल्या नाटकाची गोष्ट सांगते.

विराटपर्वातली कथा आपण आजीकडून ऐकलेली असते. पांडव अज्ञातवासात असतात. द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची चाकरी करते. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. तो तिच्यामागे लागतो, भर दरबारात तिला लाथ मारतो. राजा बघतो आणि गप्प बसतो. पुढे भीम कीचकाला मारतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी यावर ‘कीचकवध’ लिहिलं. ते १९०७ साली रंगमंचावर आलं. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांच्या जवळचे. लोकांच्या मनात १९०५ची बंगालची फाळणी ताजी होती. नाटकात इंग्रजांचं नाव नाही. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत भारतमाता दिसली. सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि संतापलेला भीम म्हणजे जहाल, हेही कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिकीट काढायचं, गप्प बसून बघायचं, समजून घरी जायचं. यात गुन्हा कुठला? तरी १९१० साली सरकारने बंदी घातली. नाटकं थांबवायचा कायदा १८७६पासून होताच. स्वतंत्र भारतात तो रद्द व्हायला २०१८ साल उजाडलं, बरं का!

नाटकातला शेवट काही शांततेचा नाही, हे मान्य. आणि सैरंध्रीचं कामही तेव्हा पुरुषच करायचे. पण मला विचाराल तर कीचकाच्या मरणापेक्षा त्या दरबाराचा राग जास्त येतो. एवढी मोठमोठी माणसं बसलेली, आणि बोलते कोण? एकटी चाकरीची बाई.

हे आत्ताच का आठवलं, ते सांगते. आमच्या गटाने पंधरा मिनिटांचं पथनाट्य बसवलंय. कंत्राटावर काम करणाऱ्या बायका, आठ तासांची उभी पाळी, बाथरूमला जायचं तर सुपरवायझरची परवानगी. तालमीला जागा देणाऱ्यांनी वही मागून घेतली, वाचली आणि म्हणाले, “साहेबाचा प्रवेश तेवढा गाळा.” आमच्यातल्या दोघींची नोकरी अशाच ठिकाणी आहे. त्या घाबरल्या. घाबरणारच, घराचं भाडं त्यांच्या पगारातून जातं.

मग मी त्यांना ‘कीचकवध’ची गोष्ट सांगितली. बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यातलीच एक म्हणाली, “ताई, साहेब नकोच. नुसती खुर्ची ठेवू.”

आता आमच्या नाटकात साहेब नाही. रिकामी खुर्ची आहे, आणि प्रत्येक बाई तिच्यापुढे हात वर करून उभी राहते. वहीत खोडायला एक शब्द उरलेला नाही. तालीम मात्र आता माझ्या गच्चीवर होते. रविवारी संध्याकाळी पाच वाजता डांगे चौकात या. खुर्ची आमच्याच घरची आहे, निळी, एक हात तुटलेली.