सर्पेंटाइन तळ्यावरची पोहणारी मंडळी



पोहणे हे लहानपणीच शिकायचे, अशी आपली एक ठाम समजूत आहे. पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधून त्याला विहिरीत सोडले की काही दिवसांत ते हातपाय मारू लागते. पण चाळिशी उलटलेल्या माणसाने रोज सकाळी पाण्यात उतरायचे, तेही सोबती जमवून आणि शर्यती लावून, म्हणजे लोक विचारणारच, 'याला दुसरा कामधंदा नाही का?' लंडन शहरात मात्र प्रौढांची अशी एक मंडळी १८६४ सालापासून चालत आली आहे. सर्पेंटाइन स्विमिंग क्लब हे तिचे नाव.

सर्पेंटाइन म्हणजे नागमोडी. हाइड पार्क या मोठ्या बागेतले हे तळे १७३० च्या सुमारास राणी कॅरोलाइनच्या इच्छेवरून, एका ओढ्याला बांध घालून तयार झाले. दिसायला शांत, पण त्याने बळीही पुष्कळ घेतले. उन्हाळ्यात लोक पोहायला येत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर घसरायला येत, आणि बर्फ फुटला की बुडत. बुडालेल्यांचे प्राण वाचवण्यासाठी १७७४ साली लंडनमध्ये रॉयल ह्यूमेन सोसायटी निघाली होती. तिने १७९४ साली याच तळ्याकाठी एक घर बांधले. पाण्यातून काढलेल्या माणसाला तिथे नेऊन शुद्धीवर आणण्याची खटपट करीत. पाण्याजवळ माणसे येणारच, हे ओळखून केलेली ही सोय मला नुसत्या मनाईच्या पाटीपेक्षा शहाणपणाची वाटते.

त्या काळी लंडनमधल्या गरिबांच्या घरी न्हाणीघर कुठले? सार्वजनिक स्नानगृहे बांधण्याचा कायदा झाला तो १८४६ साली. तेव्हा तळ्यावरचे पोहणे ही अनेकांची अंघोळही होती.

आता या क्लबच्या शर्यतींची एक गंमत सांगतो. शिक्षक मंडळींनी ही जरूर ध्यानात घ्यावी. साऱ्यांना एकदम सोडले तर पंचवीस वर्षांचा गडी दरवेळी पहिला येणार आणि साठीचे गृहस्थ दरवेळी शेवटी. मग ते पुढच्या वेळी येतील कशाला? म्हणून इथे सवलतीची शर्यत लावतात. समजा, एकाला ठरावीक अंतर पोहायला १२० सेकंद लागतात आणि दुसऱ्याला ८०. मग पहिल्याला ४० सेकंद आधी सोडायचे. दोघे आपापल्या नेहमीच्या वेगाने पोहले तर काठाला एकदमच लागतील. जिंकेल तो, जो स्वतःच्या कालच्या वेगापेक्षा आज थोडा पुढे गेला. म्हातारा तरण्याला हरवू शकतो, आणि त्यात कुणी कुणावर मेहेरबानी केली असेही होत नाही. अर्थात मुद्दाम रेंगाळून जास्त सवलत पदरात पाडून घेणारे महाभाग निघायचेच. त्यासाठी आधीच्या वेळांची नोंद चोख ठेवावी लागते.

क्लबची सर्वांत गाजलेली शर्यत नाताळच्या दिवशी सकाळी होते. अंतर अवघे १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर. पण ऐन हिवाळ्यातले पाणी हाडे गोठवणारे. १९०४ साली नाटककार जे. एम. बॅरी यांनी या शर्यतीसाठी चषक दिला. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे 'पीटर पॅन' हे नाटक रंगभूमीवर आले, आणि चषकालाही पीटर पॅनचेच नाव पडले. मोठे व्हायला नकार देणाऱ्या मुलाचे नाव, आणि त्यासाठी झटणारे पांढऱ्या केसांचे लोक! पण हौशी पाहुण्याला नाताळच्या दिवशी थेट उडी मारता येत नाही. शर्यत फक्त सभासदांसाठी, आणि त्यांनीही आधीच्या शर्यतींत भाग घेऊन पात्र ठरावे लागते. ते योग्यच आहे. अंगाला सवय नसताना गार पाण्यात शिरले की श्वास एकदम धापेला लागतो, आणि त्या क्षणी नाकातोंडात पाणी गेले तर पट्टीचा पोहणाराही दगावतो. शरद ऋतूपासून, पाणी हळूहळू गार होत असताना रोज उतरत राहिले म्हणजे शरीर सरावते.

पुढे १९३० साली, जॉर्ज लॅन्सबरी हे मंत्री असताना, तळ्याच्या काठी सर्वांसाठी पोहण्याची जागा उघडली. तिथे स्त्री-पुरुषांना एकत्र पोहण्याची मुभा होती, आणि त्यावर टीकाही झाली. आज क्लबात स्त्रियाही आहेत, आणि नाताळच्या शर्यतीत पुरुषांबरोबर त्याही उतरतात. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये याच तळ्यात जगातले नामांकित जलतरणपटू दहा किलोमीटर पोहले. क्लबची मंडळी मात्र त्यापूर्वीही सकाळी लवकर येत होती आणि त्यानंतरही येत राहिली. पाणी गोठले असेल त्या दिवशी काठाजवळचा बर्फ फोडतात, आणि मग आत उतरतात.